पिशवीवाल्या सिस्टर आणि तिसावा दिवस

पिशवीवाल्या सिस्टर आमच्या विभागात आलेल्या प्रत्येक नव्या डॉक्टरच्या पोटाला पहिल्याच आठवड्यात पिशवी चिकटवायच्या. आतड्याच्या ऑपरेशननंतर काही पेशंटची शौचाची वाट काही महिने पोटावरून काढावी लागते, तिथे लावतात ती पिशवी. तिच्यात त्या भाताची कोमट पेज भरायच्या आणि बजावायच्या, "संध्याकाळपर्यंत काढायची नाही. राउंड घ्या, जेवा, जिने चढा." माझी पिशवी दुपारी कँटीनच्या रांगेत सुटली. पँट बदलून वॉर्डात आलो, तर सिस्टर कुणाचे तरी टाके काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काही नाही हो डॉक्टर, यापुढे पेशंटला 'सवय होईल' म्हणताना जरा अडखळाल, एवढंच."

सांगलीच्या त्या रुग्णालयात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर असेल. पेशंटांनी त्यांना पिशवीवाल्या सिस्टर केलं आणि त्यांनीही ते नाव मुकाट्याने लावून घेतलं. मूळच्या वाईच्या. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती. आम्हा डॉक्टरांवर त्या करवादायच्या, पेशंटवर कधीच नाही. मला त्यांची भीती वाटायची आणि त्यांच्याशिवाय माझं पानही हलायचं नाही.

पाण्याचं तर त्यांना वेडच होतं. छोट्या आतड्याची पिशवी असली की अंगातलं पाणी त्या वाटेनं भराभर जातं. पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं बसतात. मार्केट यार्डातले एक जैन अडतदार पेशंट होते. सूर्य मावळल्यावर ते पाण्याचा थेंब घेत नसत. आम्ही त्यांना नियम मोडायला सांगितला, तेव्हा ते नुसते हसले. सिस्टरनी सांगितलं नाही. त्यांनी दिवसाचे तांबे ठरवून दिले आणि रोज चार वाजता फोन करून फर्मावलं, "शेठ, आता प्या, मी ऐकतेय." महिनाभर त्या शेठजींचे घोट ऐकत होत्या.

त्याच सुमारास आमचं रुग्णालय एका मोठ्या अभ्यासात सामील झालं. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर तीस दिवसांत पेशंटचं काय होतं, हे कितीतरी देशांतली रुग्णालयं एकाच नमुन्याच्या फॉर्मवर भरून पाठवणार होती. श्रीमंत देशांत जे दुखणं निभावतं, त्यात आपल्याकडे माणूस का दगावतो, याचा शोध घ्यायचा होता. कामाचं मोल मला कळत होतं. पण खोटं कशाला बोलू, छापून येणाऱ्या शोधनिबंधात आपलं नाव असेल, याच आनंदात मी होतो. तिसाव्या दिवशी फोन करायचं काम सिस्टरकडे होतं. त्यांचा एकच नियम होता: पेशंटशीच बोलायचं, घरच्यांशी नाही. "आपल्याकडे घरचे फोनवर वाईट बोलत नाहीत. वाईट बोललं की वाईट होतं, असं वाटतं त्यांना."

तानूबाई आटपाडीच्या पुढच्या गावच्या. घरात पूर्वी मेंढरं होती, आता थोडी बागायत होती. गुदाशयाचा कॅन्सर वेळेत सापडला, ऑपरेशन छान झालं, पिशवी छोट्या आतड्याची होती, ती तीन महिन्यांनी काढायची होती. त्यांचा तिसावा दिवस आला तेव्हा सिस्टर भावाच्या आजारपणामुळे वाईला गेल्या होत्या. फोन मी केला. नवऱ्याने उचलला. मागे वाजंत्री वाजत होती.

"बरं हाय की डाक्टर! लय बरं हाय. पुतणीची हळद हाय आज. तिला बोलवू का? बायकांत बसलीया."

"राहू द्या," मी म्हणालो. मला अजून सात फोन करायचे होते. 'कोणताही त्रास नाही' या चौकटीत मी खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.

दोन दिवसांनी सिस्टर आल्या. फॉर्मची प्रत त्यांनी बघितली.

"बाई काय म्हणाल्या?"

"नवरा बोलला. बरं आहे म्हणाला."

 त्यांनी लगेच फोन लावला, तो लागेना. पर्स उचलली आणि आटपाडीची एसटी गाठली. संध्याकाळी जीप करून तानूबाईंना घेऊनच आल्या. जीभ लाकडासारखी कोरडी, डोळे खोल, लघवी जवळजवळ बंद. लग्नघरात पिशवी भरू नये, कुणाला वास येऊ नये, म्हणून बाईंनी आठवडाभर घासभर भात आणि ओठ ओले करण्यापुरतं पाणी यावर काढलं होतं. हळदीला त्या नटून बसल्या होत्या. मी फोन केला तेव्हा जेमतेम तोल सांभाळून बसल्या होत्या.

आम्ही सगळं केलं, डायलिसिससुद्धा केलं. चौथ्या दिवशी सकाळी तानूबाई गेल्या.

नवरा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून एकच वाक्य म्हणत होता. "म्या बरं हाय म्हनलो, डाक्टर. म्याच म्हनलो." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खरं म्हणजे तेव्हाच सांगायला हवं होतं, की तुम्ही तिला बोलावत होता, नको म्हणालो तो मी. ते न सांगताच मी वॉर्डात परतलो.

विभागप्रमुख म्हणाले, "फॉर्ममध्ये तिसाव्या दिवसाचा प्रश्न आहे. तिसाव्या दिवशी बाई जिवंत होत्या. आहे तसं राहू दे." सिस्टर खुर्चीवरून उठल्या. "सर, त्या दिवशी बाई बऱ्या होत्या का, हेही विचारलंय त्यात. नव्हत्या. त्या लग्नात बसून मरत होत्या." मग माझ्याकडे वळल्या. "पाणी किती प्यायचं, ते मी तिलाच सांगितलं. नवऱ्याला बसवून सांगितलं नाही, ती चूक माझी. तुमची तुम्ही लिहा." मी दुरुस्ती पाठवली. खाली कारण लिहिलं: पेशंटशी बोललो नाही. 

मला वाटलं, संपलं. पण आपल्या निवृत्तीच्या दिवशी, निरोपाचा नारळ हातात घेऊन, सिस्टरनी मला जिन्यात गाठलं, "फॉर्म दुरुस्त केलात, चांगलं केलंत. त्या माणसाला जाऊन सांगितलंत का?"

"जातो."

पुढे मी साताऱ्याला आलो, माझं बस्तान बसलं. निबंध छापून आला. बारीक टायपात शेकडो नावं होती, त्यात माझंही होतं. सिस्टरचं नव्हतं. दर दोन-चार महिन्यांनी त्यांचा वाईहून फोन यायचा आणि शेवटी तो प्रश्न. ओपीडी, परीक्षा, मुलीचं आजारपण, माझ्याकडे कारणांना तोटा नव्हता. खरं कारण एकच होतं: मला त्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवण्याची भीती वाटत होती. एकदा मी कंटाळून सांगून टाकलं, "जाऊन आलो, सिस्टर. सगळं बोललो."  त्या नुसतं "बरं," म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी कधीच विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता. मी वाईला गेलो, घाटावर उभा राहिलो, आणि एवढा रडलो की त्यांच्या भावालाच मला धरावं लागलं. त्यांचं दिवसकार्य झाल्यावर गाडी काढली आणि आटपाडीचा रस्ता धरला.

तानूबाईंचा नवरा डाळिंबाच्या बागेत होता. थकला होता, पण त्याने मला लगेच ओळखलं. घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. मी कशीबशी सुरुवात केली, "आमच्या सिस्टर गेल्या..."

"आरारा," तो माझ्याशेजारी घोंगड्यावर टेकला. मग म्हणाला, "त्या आल्या हुत्या की हितं. दोन वर्सं झाली असतील. एकट्याच, एष्टीनं."

"काय म्हणाल्या?"

"म्हनल्या, आमच्या डाक्टरला तुमास्नी काय तरी सांगायचं हाय. त्यो येईल. लय उशीर करंल, पर येईल. त्यो येऊन सांगंस्तवर तुमी सोताला दोस दिऊ नगा. म्या इचारलं, काय सांगायचं हाय? तर म्हनल्या, ते त्याचं त्यानंच सांगाया पायजे."

त्याने डोक्यावरचा टॉवेल काढून गुडघ्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"सांगा, डाक्टर. म्या ऐकतो."