तक्रारीला माझाच नंबर

वायरीच्या धंद्यात किस्से गोळा कराया लागत न्हाईत. खांबावर पतंग आडकत्यात, तसं आपोआप आडकत्यात. बसा, सांगतो. पर मधी हसायचं न्हाय!

भूमकडल्या वाशीत अण्णांचा इंटरनेटचा धंदा हाय. म्या दत्तू, त्यांचा लाइनमन. आता हरेक कनेक्शनला एक नंबर आसतो, त्याला पत्ता म्हणत्यात. हे पत्ते वरच्या हापिसातनं मिळत्यात. आपल्या पत्त्यावरनं कुणी बदमाशी केली, तर जगातला कुणीबी त्या हापिसाची यादी बघून तक्रार करतो. म्हणून यादीत एका माणसाचा फोन आन् मेल द्यावा लागतो.

अण्णांनी फॉर्म भरताना इचारलं, "तक्रारी ऐकायला कुणाला बसवावं?"

कम्प्युटरवर बसणाऱ्या सुरेखाताई म्हणल्या, "ऐकायला कशाला? गप करायला बसवा की! दत्तूभाऊ हायत."

झालं. यादीत म्या!

*

पयला फोन आला तवा म्या खांबावर. कुणीतरी हिंदीत बोलत व्हता. लई गोड. म्हणला, तुमच्या पत्त्यावरनं आमच्या दवाखान्याच्या कम्प्युटरवर कालपासनं हल्ला चाललाय.

म्या म्हणलं, "किती पैसे पायजेत?"

"पैसे नहीं चाहिए भाईसाब, बस बंद करवा दीजिए."

"मग बक्षीस लागलंय का मला?"

"नहीं नहीं, कुछ नहीं."

माझं डोस्कंच फिरलं. पैसे मागंना, बक्षीस देईना, आन् एवढं गोड बोलतंय! म्या वरडलो, "मंजे तू पक्का चोर!" आन् कट केला.

संध्याकाळी त्यांचा फोन अण्णांना गेला आन् अण्णांनी मला तासलं. त्यो खरंच दवाखाना व्हता!

*

आमच्या गल्लीतल्या एका गुरुजींच्या कनेक्शनवरनं कुणीतरी परदेशातल्या दुकानात बोगस ऑर्डरी टाकत व्हतं. मेल आला. म्या तडक त्यांच्या घरी. गुरुजी देवपूजेत. मनात म्हणलं, वरनं गंध, आतनं धंदं!

"गुरुजी, पासवर्ड कुणाकुणाला दिला?"

"देवाशपथ कुणाला न्हाय, दत्तू."

"मग ह्ये कुणी केलं?"

"मला काय ठाव? म्या तर इसरू नये म्हणून फकस्त फाटकावर लिवून ठिवलाय."

*

तेरखेड्याला फटाक्याचा एक कारखानदार हाय. त्याच्या पत्त्यावरनं दिवसाला हजारो मेल जायाचे. आधीच दारूचं काम, त्यात मेल! म्या म्हणलं, ह्ये काय साधं न्हाय.

"शेठ, एवढे मेल कुणाला धाडता?"

"आरं बाबा, मला मोबाईलवर फोटू धाडाया येत न्हाय, मेल कुठला धाडू!"

माझा इश्वास न्हाय बसला. एकेक वायर उपसून बघितली. तिसरी उपसली आन् मेल बंद. ती वायर कशाची? दारावरच्या कॅमेऱ्याची! कंपनीतनं आलेला पासवर्ड तसाच ठिवलेला, बाहीरचं कुणीतरी त्यात घुसून बसलेलं.

शेठ म्हणला, "आयला दत्तू, चोर धराया लावला, आन् त्योच चोर निघाला!"

*

पर खरी गंमत ह्या साली झाली.

वरचं हापिस दर सा म्हयन्याला मेल धाडतं. तक्रारीचा माणूस जागेवर हाय का, एवढंच बघाया. त्यातली लिंक दाबायची, बास. पर म्हायती कुणाला? सगळीकडं सांगत्यात, लिंक दाबू नका. म्या दोनदा उडवला.

मग अण्णांना चिठ्ठी आली. तुमचा तक्रारीचा संपर्क बंद दिसतोय, नवीन पत्ते मिळणार न्हाईत. अण्णांची भूमची लाइन तयार, केबल वढून झालेली, गिऱ्हाइकं थांबलेली. पत्तेच न्हाईत तर नेट कशावर देणार!

अण्णा लाल. "आरं, तू जित्ता हैस का, एवढंच इचारत व्हते!"

"मग वाशीला येऊन बघायचं की! लिंक कशाला?"

"आज शेवटचा दिवस हाय दत्तू. भूम गेलं तर तूबी गेलास."

आन् तेवढ्यात तसलाच लिंकवाला तिसरा मेल आला. म्या बघितला. आता चिठ्ठीचं भामट्यांनाबी कळलं आसंल तर? म्या सुरेखाताईंना म्हणलं, "ह्यो कुठनं आलाय, यादीत काढा." त्यांनी काढलं. तिथंबी तक्रारीचा मेल व्हताच. म्या सांगत गेलो, ताईंनी विंग्रजीत लिवलं, "तुमच्याकडनं एक भामटा मला लिंका धाडतोय. बंदोबस्त करा."

चहा संपायच्या आत फोन! वरच्या हापिसातनं. मराठी माणूस.

"दत्तूभाऊ, तो मेल आमचाच हाय हो. पर तुमी तक्रार केली मंजे तुमची मेलची पेटी चालू हाय. म्या हितनंच नोंद करतो. तुमच्या मोबाईलवर आत्ता चार आकडे आलेत, तेवढे सांगा."

अण्णांनी हात जोडले. मला! ताईंनी डोळे मिटले.

म्या म्हणलं, "पयले तू सांग."

"आँ?"

"तू धाडलेत ना? मग तुला ठाव आसतीलच. सांग."

तिकडं कीबोर्डची खटखट. मग बारीक आवाजात एकेक आकडा आला. म्या मोबाईल डोळ्यापाशी धरून एकेक लावून बघितला.

"मग... नोंद करू का?"

"कर," म्या म्हणलं. "बरोबर सांगितलेस. तू पास!"