पेलागियाचं एकुलतं एक बदक

डेअरीतल्या पेलागियाचं लोणी आणि तिची जीभ, दोन्ही गोष्टी अख्ख्या ओल्शाना गावाला ठाऊक होत्या. लोणी मऊ होतं, एवढाच फरक. पस्तिशी उलटली तरी बाई बिनलग्नाची, आणि कुणी विचारलंच तर विचारणाऱ्याची धडगत नसे.

महायुद्ध संपलं, सरहद्दी सरकल्या, गावातले जर्मन गेले आणि त्यांच्या घरांत दोन दिशांची माणसं येऊन राहिली. पेलागिया पश्चिमेच्या पोझ्नानकडची, तर कायेतान होरबाच पार पूर्वेचा. दोन्हीकडचे एकाच चर्चमध्ये गुडघे टेकत, पण एकमेकांच्या पानात काय पडतं ते कुणाला माहीत नसे.

कायेतान घर उबदार ठेवणाऱ्या टाइलच्या शेगड्या बांधायचा. पेलागियाची शेगडी त्यानं एकदा दुरुस्त केली, आणि मग धूर नीट जातो का बघायला दर आठवड्याला येऊ लागला. शेगडीला काय धाड भरली होती! शेवटी त्यानं आपल्याच मुलखातल्या ओलिंपिया शेजारणीकडून निरोप धाडला, रविवारी कोट घालून येतो म्हणून.

पेलागिया हरखली. दारात एकच बदक होतं, ते तिनं कापलं. त्याच्या रक्तात व्हिनेगर आणि सुकवलेली नासपती घालून काळं सूप रांधलं, शेवया घरी केल्या. तिची आई हे फक्त सणाला करी, नाहीतर जावई यायचा असला तर.

कायेतान आला, बसला. ताटली पुढ्यात येताच त्याचा चेहरा उतरला. चमच्याला हात न लावता तो उठला, रिवाजाप्रमाणे तिच्या हाताचं चुंबन घेतलं आणि निघून गेला. पेलागियाला वाटलं, आपलं रांधणं बघून माणूस विटला. सूप टाकून द्यायला मन होईना, म्हणून पातेलं खिडकीबाहेर ठेवलं. फेब्रुवारीच्या थंडीत त्याचा दगड झाला.

दोन दिवसांनी ओलिंपिया सांगत आली की कायेताननं दूर श्चेचिन शहरात काम धरलंय, संध्याकाळच्या गाडीनं निघालाय. मग तिनं विचारलं, त्याला वाढलंस तरी काय? उत्तर ऐकून तिनं कपाळावर हात मारला.

"अगं बये, मागणी घालायला आलेल्याला नाही म्हणायचं असलं की आमच्याकडं तेच वाढतात. माणसानं समजून जायचं."

"मग देवानं तोंड कशाला दिलंय?" पेलागिया म्हणाली.

तिनं पातेलं उचललं आणि एप्रनवरच भर बाजारातून निघाली. बघणारे बघेनात का. कायेतान पाद्रीबाबांच्या घरी शेगडीचं राहिलेलं काम उरकत होता.

"कळलं होतं मला, बाई," तो मान वर न करता म्हणाला. "पुन्हा कशाला?"

"आमच्याकडं हे जावयासाठी करतात. एकच बदक होतं माझ्याकडं. नाही म्हणायला कुणी एकुलतं एक बदक कापतं का?"

कायेतान बराच वेळ हातावरची माती पुसत राहिला. मग त्यानं शेगडी पेटवली आणि पातेलं तिच्यावर ठेवलं. श्चेचिनची गाडी गेली तेव्हा तो दुसऱ्यांदा वाढून मागत होता.

ईस्टरनंतर लग्न झालं. पुढं हे सूप त्याला इतकं आवडलं की दर सणाला हवंच.

म्हातारपणी तो अंथरुणाला खिळला. डॉक्टरांनी आशा सोडली होती. एके दिवशी त्यानं तिला काळं सूप मागितलं. तिनं दुसरं काय हवं ते मागा म्हटलं, पण सूप करीना.

"का गं?" त्यानं विचारलं.

"नको," पेलागिया म्हणाली. "परत उठून निघालात तर?"