नदीवर जाण्याआधीची रंगीत तालीम

माझं काम शटडाऊनच्या नियोजनाचं. पेट्रोकेमिकलचा कारखाना काही वर्षांतून एकदा महिनाभर बंद ठेवतात. त्या महिन्यात कोणता व्हॉल्व्ह कोणत्या दिवशी उघडायचा, कोणी उघडायचा आणि तो वेळेवर पुन्हा बसला नाही तर काय करायचं, हे वर्षभर आधी बसून कागदावर मांडणारा माणूस मी. त्यामुळे रशियातल्या नदीवरच्या सहलीचं ठरलं तेव्हा सौदीतल्या अल-खोबरच्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजवर मी एक तक्ता चिकटवला, यात मला काही वावगं वाटलं नाही. तक्त्यात एकशे बारा ओळी होत्या. बायकोने चहाचं आधण ठेवता ठेवता तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "अहो, आपण बोटीत बसायला चाललोय की बोट बंद पाडायला?"

सहल अकरा दिवसांची होती. सेंट पीटर्सबर्गला बोटीत बसायचं, नद्या, कालवे आणि मोठाली तळी ओलांडत मॉस्कोला उतरायचं. जाणार होतो चौघं: मी, बायको, आमची मुलगी आणि ताई. खरं सांगायचं तर सहल ताईसाठीच होती.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ती सातवीत होती. तिची शाळा सुटली आणि म्हणून माझी सुटली नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, पण डबा, गणवेश, पहाटे उठवणं, परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवणं हे सगळं तिचं. तालुक्याच्या गावी नगरपालिकेच्या शाळेत आमच्या गुरुजींकडे रशियाहून एक गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं. वाचून झालं की त्याची पानं आम्हाला वह्यांना कव्हर घालायला मिळत. ताई कणकेची खळ करून ती पानं चिकटवून द्यायची. माझ्या भूगोलाच्या वहीवर एक पांढरी बोट होती, दोन्ही काठांवर पांढऱ्या खोडाची झाडं. ती वही हातात धरून ताई म्हणाली होती की अशा बोटीत एकदा बसायला पाहिजे. मी चौथीत होतो. ते वाक्य मी चाळीस वर्षं जपून ठेवलं होतं.

मागच्या सुट्टीत गावी गेलो, येताना तिला व्हिजिट व्हिसावर बरोबर घेऊन आलो आणि दम्मामच्या विमानतळावरून घरी येताना गाडीत मोठ्या समाधानाने ते वाक्य तिला परत केलं. ती खिडकीतून बाहेरची वाळू बघत होती.

"मी म्हणाले होते?" ती म्हणाली. "मला तर एवढंच आठवतंय की कागद चांगला जाड होता आणि तू त्या बोटीला मिशा काढल्या होत्यास."

बायको इतकी हसली की मागच्या सीटवरच्या मुलीने कानातले इअरफोन काढून काय झालं म्हणून इंग्रजीत विचारलं. ताईने तिला मराठीत सांगितलं. त्या दोघींचं महिनाभर असंच चाललं. एक इंग्रजीत बोलायची, दुसरी मराठीत, आणि गैरसमज फक्त माझेच व्हायचे.

तयारी जोरात सुरू झाली. बोटीवरच्या खोलीची मापं मी मागवून घेतली आणि हॉलमध्ये फरशीवर चिकटपट्टीने तेवढा चौकोन आखला, म्हणजे बॅगा ठेवल्यावर किती जागा उरते ते कळावं. दुसऱ्या दिवशी ताई स्वयंपाकघरातून चहा घेऊन आली, चिकटपट्टीच्या बाहेर थांबली आणि हवेत टकटक करून म्हणाली, "साहेब, आत येऊ का?" त्यानंतर घरातल्या कोणीही त्या चौकोनात दार वाजवल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. गरम कपड्यांची अडचण होती. बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला, दुकानांत स्वेटर मिळेना. शेवटी खमीस मुशैतला राहणाऱ्या एका मित्राने तिथल्या डोंगरातल्या थंडीसाठी घेतलेले दोन कोट पाठवले. ताईने एक अंगात घालून एसी अठरावर लावायला सांगितला, सोफ्यावर बसून अर्धा तास कोथिंबीर निवडली आणि कोट पास केला.

तक्त्यातल्या एकसष्ट ओळींपुढे बरोबरची खूण झाली होती, तेव्हा बायकोने ताईच्या व्हिसाचा कागद हातात घेतला. ती इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवते. कागद तपासायची तिला सवय आहे.

"हे सिंगल एंट्री लिहिलंय," ती म्हणाली.

मी कागद घेतला. सिंगल एंट्रीच होतं. अर्ज मीच भरला होता. तेव्हा मनात आलं होतं की ताई इथे एकदाच तर येणार, उगाच जास्तीचं कशाला मागा. पण सिंगल एंट्री म्हणजे देशाबाहेर पाऊल टाकलं की खलास. आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, होता, बाहेर जाऊन परत यायचा परवाना होता, आम्ही तिघं मॉस्कोहून दम्मामला परत येऊ शकत होतो. ताई येऊ शकत नव्हती. मॉस्कोहून तिला थेट मुंबईला जावं लागणार होतं, मधे एक विमान बदलून, एकटीने. तिला पोचवायला कोणी जावं म्हटलं, तर परतल्याच्या दुसऱ्या दिवशी माझा शटडाऊन सुरू होत होता आणि बायकोची आणि मुलीची शाळा उघडत होती. नवा व्हिसा काढायचा तर ताईला आधी भारतात जायला हवं होतं आणि तेवढे दिवस हातात नव्हते. एकशे बारा ओळींत ही ओळ नव्हती.

ताईने आयुष्यात एकदाच विमान पाहिलं होतं, तेही माझा हात धरून. तिला मराठी वाचता येतं, इंग्रजी आकडे आणि अक्षरं ओळखता येतात, बस.  दोन दिवसांनी मी मनाशी ठरवलं की तिचं बोटीचं तिकीट रद्द करायचं. पुढच्या आठवड्यात ओळखीचं एक कुटुंब मुंबईला चाललं होतं, त्यांच्याबरोबर तिला घरी पाठवायचं. तिला सांगताना मी शक्य तितक्या गोड आवाजात सांगितलं. म्हटलं, पुढच्या वर्षी नीट जाऊ, या वर्षी तुला त्रास नको. ती डाळ धूत होती. तिने पाणी ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं.

"आजवर मी गावाबाहेर गेले," ती म्हणाली, "ती कोणाच्या तरी बाळंतपणाला, नाहीतर कोणाच्या तरी दहाव्याला. पहिल्यांदा कोणाचं काही नसताना निघाले होते. आता तेही तू ठरव."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने कुकर लावला आणि मला विचारलं, भात मऊ करू की मोकळा.

बायकोने त्या दिवशी माझी बाजू घेतली नाही. तिचं म्हणणं साधं होतं. वन्संना जमणार नाही हे मी कशावरून ठरवलं? प्लँटमध्ये दर महिन्याला आगीचं ड्रिल करतो, भोंगा वाजवून हजार माणसांना उन्हात उभं करतो, मग घरातल्या एका माणसाचं ड्रिल करायला काय हरकत आहे? मला हे पटलं. मी आजवर न तपासलेली कोणतीही गोष्ट चालू केलेली नाही, तशी न तपासता रद्दही करायला नको होती.

म्हणून शुक्रवारी दुपारी आम्ही समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्याजवळच्या मोठ्या मॉलमध्ये गेलो. नियम मी लिहून काढले होते. ताईने चाकाची बॅग घेऊन एक नंबरच्या दाराने आत शिरायचं. तिच्या हातात एक चिठ्ठी, तिच्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या दुसऱ्या टोकाच्या दाराचा नंबर, जणू तेच तिचं पुढचं विमान. तासाच्या आत तिथे पोचायचं. आम्हाला फोन करायचा नाही, म्हणून तिचा फोन बायकोकडे. मीही मोह नको म्हणून माझा फोन बायकोकडे दिला. बायको आणि मुलगी त्या दाराशी आइस्क्रीम खात थांबणार, आणि मी चाळीस पावलं मागून, तिच्या नकळत, टिपणं घेत चालणार. ताईने नियम ऐकले आणि पदर खोचला.

पहिली दहा मिनिटं मला घाम फुटला होता. ती उलट्या बाजूला गेली. मग एका सोन्याच्या दुकानापुढे उभी राहून तिने निवांत हार बघितले. मी टिपण केलं: वेळेचं भान नाही. मग ती फरशी पुसणाऱ्या एका बांगलादेशी बाईजवळ गेली. दोघींचं बरंच बोलणं झालं, कोणत्या भाषेत ते देवाला माहीत. बाईने हाताने वर दाखवलं, मग डावीकडे दाखवलं. ताईने तिला पर्समधून शेंगदाण्याचा लाडू दिला. तेवढ्यात नमाजाची वेळ झाली, काही दुकानांची शटरं अर्धी खाली आली. मला वाटलं, आता गोंधळेल. ती सरकत्या जिन्यापाशी थांबली, चार माणसं कशी पाय टाकतात ते बघितलं, बॅग पुढे घेतली आणि वर गेली. मी खांबाआडून निघून पुढच्या खांबाआड गेलो.

वर पोचून पाहतो तर ती सुरक्षारक्षकापाशी उभी. गणवेशातला तरुण सौदी मुलगा, कानात वायर. ताईने त्याला चिठ्ठी दाखवली. त्याने दिशा दाखवली. मग ताईने मागे वळून, अजिबात न शोधता, थेट माझ्या खांबाकडे बोट केलं, आणि दोन बोटांनी पावलं चालवून दाखवली.

तो माझ्याकडे आला. अतिशय सभ्यपणे त्याने विचारलं की मी या बाईंच्या मागे अर्धा तास का फिरतो आहे. मी म्हटलं, बहीण आहे. त्याने इकामा मागितला. इकाम्याचं कार्ड मी तक्त्यातल्या सतराव्या ओळीप्रमाणे मूळ कागदपत्रांच्या फाइलमध्ये घातलं होतं आणि फाइल घरी कपाटात होती. मोबाइलमधला इकामा मोबाइलबरोबर बायकोकडे होता. माझ्या हातात एक वही होती, तिच्यात लिहिलं होतं, तीन वाजून बारा, सोन्याचं दुकान. सुदैवाने त्याला मराठी येत नव्हतं. त्याने मला तिथेच थांबायला सांगितलं आणि ताईकडे वळून, माझ्याकडे हात करून, हिंदी-इंग्रजीची मिसळ करत विचारलं, "मॅडम, ये ब्रदर?"

ताईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिने किती वेळ लावला ते मी सांगू शकत नाही, कारण घड्याळाकडे बघायचं मला सुचलं नाही.

"भाई," ती शेवटी म्हणाली. "छोटा. डरता है. खलास, छोड दो."

तो मुलगा हसला, छातीवर हात ठेवून तिला सलाम केला आणि मला तिच्या स्वाधीन केलं. उरलेला रस्ता आम्ही दोघं बरोबर चाललो. तिनेच पुढे होऊन वाट दाखवली. मी विचारलं, मी मागे आहे हे कधी कळलं? ती म्हणाली, पहिल्याच खांबाला. लहानपणी लपाछपीतही माझं पोट बाहेर राहायचं. दाराशी पोचलो तेव्हा अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती, त्यातली निदान दहा माझ्या चौकशीत गेली होती. मुलीने आत्याला टाळी दिली. बायकोने मला माझा फोन परत दिला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही यात नापास झालात ना?"

मी नापास झालो होतो, आणि इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं. शाळेत कधी नापास झालो नाही, कारण ताईने होऊ दिलं नाही. तिच्या डोळ्यांत मी अजूनही दह्यासाठी हात पुढे करणारा मुलगा असेन, पण माझ्या डोळ्यांत ती कधीपासून उचलून न्यायची वस्तू झाली होती, ते मलाच कळलं नव्हतं. उपकारांची आठवण ठेवता ठेवता माणूस असंही करून बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं मॉस्को-मुंबई तिकीट काढायला बसलो. ती शेजारी खुर्ची ओढून बसली. अर्जात व्हीलचेअरचा रकाना आला. आपल्याकडचे सगळे आईवडिलांसाठी तो भरतात. चालता येत असलं तरी भरतात, म्हणजे विमानतळावरचं माणूस त्यांना दारापासून दारापर्यंत नेतं. मी सहज खूण करायला गेलो. ताईने माझं मनगट धरलं.

"मी लंगडी आहे का?"

मी समजावलं की सगळेच घेतात, भाषेचा प्रश्न सुटतो. ती म्हणाली, सगळ्यांना घेऊ दे. मी रकाना रिकामा सोडला. सोडताना माझा हात थोडा थांबला. 

मग पडद्यावर दोन विमानं आली. एकात मधल्या विमानतळावर दीड तास मिळत होता, दुसऱ्यात सहा. मी तिला नीट समजावून सांगितलं. दीड तासात धावपळ होईल, पण सहा तास एकटीने बसणं फार कंटाळवाणं, तर मधे काही मिळतं का ते मी शोधतो. ताईने चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले.

"सहा तासांचं घे," ती म्हणाली. "दीड तासात काय बघून होणार?"