हुक नसलेली फ्रेम

नवघर रोडला फोटोफ्रेम करून देणारे एक काका होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. काचेवर फुंकर मारून ती बनियनच्या कडेने पुसायची त्यांची सवय. कुणाचाही फोटो हातात आला की आवाज खाली आणून विचारायचे, "हयात आहेत ना?" नसतील, तर फ्रेमला हार अडकवायला वर दोन हुक लावायचे.

मी विज्ञानाचा शिक्षक. पहिल्या अंतराळवीरांना शाळेत मानवंदना द्यायची होती, म्हणून त्यांचा एकत्र फोटो सायबर कॅफेतून छापून काकांकडे नेला. त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"काही गेलेत, काही असतील," मी म्हणालो.

"गेलेत कोण, सर?"

त्यांच्या यानांचे वेग मला पाठ होते. हे मात्र सांगता येईना.

काकांनी एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवलं आणि हुकांची डबी बंद केली.

"मग हार नकोच. एखादा घरी बसलेला असला तर? एवढ्या लांब जाऊन परत आलाय तो."

उद्याच्या कार्यक्रमासाठी घेतलेला शेवंतीचा हार माझ्या पिशवीत होता. पिशवीचं तोंड मी मुठीत घट्ट धरून ठेवलं.