खालाच्या गॅलरीचा तिसरा खांब

आमच्या घरात कुणी कुजबुजत नसे. कुजबुजून उपयोगच नव्हता. वडील, म्हणजे आमचे नाना, गुजरातेत उधन्याच्या लूम कारखान्यात सव्वीस वर्षं राहिले आणि तिथल्या खडखडाटाने त्यांचे दोन्ही कान नेले. कारखान्यात सगळेच हातांनी बोलायचे. शेठ आला की मिशीला पीळ, मग शेठ सफाचट का असेना. चहा म्हणजे अंगठा ओठाला. धागा तुटला की दोन बोटांची कात्री. सगळं पक्कं असेल तर बंद मूठ, बिघडलं असेल तर उघडा पंजा. ही भाषा नानांनी घरी आणली. भाजी खारट झाली की आई वाढायच्या आधीच पंजा दाखवायची आणि नाना मुकाट्याने पाणी जवळ घेऊन बसायचे.

अशा घरात वाढल्यावर माणूस दुसरं काय होणार? मी साड्यांच्या मार्केटात सेल्समन झालो. साडी उलगडताना माझे हात बोलतात, भुवया बोलतात, गरज पडली तर मीच पदर घेऊन दाखवतो. मिशीवाल्या माणसाला गुलाबी पदर घेतलेला पाहून बायका हसतात आणि हसणारी बाई हातची जात नाही. गिऱ्हाइकाला काय ऐकायचं आहे ते मला तिच्या चेहऱ्यावर आधी दिसतं. या गुणाची मला फार घमेंड होती.

नाना मूळचे सुतार. शहाद्याकडून आले ते सुतारकामासाठीच, आणि लूमवर अडकले. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी माळ्यावरची पेटी काढली, पटाशी आणि रंध्याला धार लावली आणि साठी उलटून गेल्यावर पुन्हा सुतार झाले. कामं मिळाली ती नदीपल्याड, रांदेरला. मी स्कूटरवर सोडायला जायचो. पुलावर आलं की नाना तापीला हात जोडायचे आणि लगेच चिडवायचे, "आम्ही गाव सोडलं तर तूही आलीस का मागे मागे!" आमच्या खानदेशातूनच येते ना ती.

रांदेर म्हणजे लाकडाचं गाव. एकेकाळी इथली माणसं रंगूनला व्यापार करत आणि सागवान घेऊन परत येत, असं सांगतात. अरुंद गल्ल्या, नक्षीच्या गॅलऱ्या, रंगीत काचा, आणि मधोमध ती जुनी लाकडी मशीद. तिचे फोटो काढायला लांबून लोक येतात. नाना पहिल्यांदा गेले तेव्हा देखभाल करणाऱ्या चाचांची परवानगी घेऊन, डोक्याला रुमाल बांधून आत शिरले आणि एका खांबावर तळहात ठेवून उभे राहिले. गावाकडे बैलाच्या पाठीवर ठेवायचे तसा. मग माझ्याकडे वळून त्यांनी अशी काही मूठ उंचावली, की निवडणूक जिंकली असावी.

रांदेरात कुणालाच माहीत नव्हतं की मिस्त्री बहिरा आहे. ते माणसांचे ओठ वाचायचे. गुजरातीतही वाचायचे. पण लाकडाला ओठ नसतात, आणि अडचण तिथेच आली.

मशिदीमागच्या गल्लीत एक म्हातारी एकटी राहायची. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, म्हणून मीही. ऐंशीच्या घरात, दात दोन, जीभ मात्र धारदार. तिच्या घराची पुढची गॅलरी तीन लाकडी खांबांवर उभी होती. मुलगा इंग्लंडमध्ये. तो म्हणाला होता, मिस्त्रीला खांब दाखव. एक जरी कच्चा निघाला तरी घर रिकामं करायचं आणि अडाजणच्या फ्लॅटमध्ये जायचं. खालाला मरण चाललं असतं, फ्लॅट नको होता. "त्या डब्यात मी काय करू? भाजीवाल्याशी भांडायला लिफ्टने खाली जाऊ?"

वाळवी लाकूड आतून खाते आणि वरची साल तशीच ठेवते. पटाशी टोचली की लगेच कळतं. पण मुलाने ईदेला खांबांना हिरवा ऑइलपेंट मारून घेतला होता आणि खाला पटाशी टेकवू देईना. म्हणजे खांब ठोकून, आवाज ऐकूनच सांगायचं. काम सोडलं तर बहिरेपण उघड होणार, आणि मग रांदेरमध्ये कोण बोलावणार?

रविवारी निघताना नानांनी मला समजावलं, "तू खालाना मांगे उभा ऱ्हाय. टण वाजनं तं मूठ. भद वाजनं तं पंजा." खालाच्या पाठीमागे उभं राहून इशारे करायचे! मी तर खूश. असलं नाटक मला आयुष्यात मिळालं नव्हतं.

खालाने गरमागरम खावसा करून ठेवला होता, रांदेरात सगळीकडे मिळतो तो नारळाच्या दुधातल्या नूडल्सचा. मोबाइल तिने खिडकीत उभा केला. त्यात मुलगा बसला होता. ती नानांना म्हणाली, "मिस्त्री, साचुं बोलजो. पण सारुं बोलजो." खरं सांगा, पण चांगलं सांगा.

पहिला खांब. नानांनी हातोडी मारली. टण. मी मूठ दाखवली. दुसरा, टण. मूठ. खालाच्या मागून मी एक छोटी गिरकीसुद्धा घेतली. मोबाइलमधला मुलगा म्हणाला, "पाछळ आ भाई नाचे छे केम?" खाला म्हणाली, "मराठी छे, खुश थाय तो नाचे."

तिसरा खांब ठोकला आणि आवाज वेगळा आला. पुठ्ठ्याच्या नळीवर टिचकी मारावी तसा. मी तो ऐकला. हे लिहिताना मला कुठेही लपायचं नाही, म्हणून पुन्हा सांगतो, मी तो ऐकला. मनात म्हटलं, पावसाच्या बाजूचा आहे, दमट असेल. मी काय सुतार आहे? तेवढ्यात खाला माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर साडी आवडलेल्या पण नवऱ्याला विचारायला घाबरणाऱ्या बाईचा भाव होता. तो भाव मी रोज पन्नास वेळा पाहतो आणि रोज त्याचं एकच उत्तर देतो.

ती पुन्हा नानांकडे वळली आणि मी मूठ दाखवली.

नाना जरा थांबले. पुन्हा ठोकलं. या वेळी डावा तळहात खांबाला लावून. मग माझ्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी मूठ आणखी घट्ट केली, वर भुवया उडवल्या.

"पक्को छे," नाना म्हणाले.

खालाने आम्हाला दोन-दोन वाट्या खावसा खायला लावला.

श्रावणात एका सकाळी गॅलरी पडली. खाला रोजच्यासारखी दोरीने टोपली खाली सोडून भाजी वर ओढत होती. भाजीवाला नंतर मला सांगत होता, दुधी आणि टोपली जशीच्या तशी राहिली, म्हातारी तेवढी खाली आली. तिचं खुब्याचं हाड मोडलं.

आम्ही दवाखान्यात गेलो. मुलगा इंग्लंडहून आला होता. त्याने नानांना खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, जुनं लाकूड, कुणाचा दोष? त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. खाला पांढऱ्या चादरीत मुठीएवढी दिसत होती. नाना तिच्या ओठांकडे बघत वाकून उभे राहिले.

"थांभलो तो सारो ज हतो, मिस्त्री," ती म्हणाली. "हुं ज भारे थई गई." खांब चांगलाच होता, मीच जड झाले.

परतताना पुलावर नानांनी माझ्या खांद्यावर थाप मारून स्कूटर थांबवायला लावली. त्या दिवशी नदीला हात जोडले नाहीत. म्हणाले, "मना हातले समजनं व्हतं. पोकळ शे म्हणीसन समजनं व्हतं. मी तुना कानवर भरोसा करा."

त्यांच्या हाताला कळलं होतं. सव्वीस वर्षं लूमच्या धक्क्यांत काढलेला तो हात, त्यातही सुताराचा. पण पोटचा मुलगा समोर उभा राहून मूठ दाखवतो आहे म्हटल्यावर त्यांनी स्वतःचा हात खोटा धरला.

मी काहीतरी बोलायला गेलो, हातवारे केले. त्यांनी तोंड पलीकडे, पाण्याकडे वळवलं. त्या दिवसापासून मी बोलायला लागलो की ते दुसरीकडे बघतात. भिंतीकडे, ताटाकडे. बहिऱ्या माणसाला भांडण असंच करता येतं. मी घरात नाचलो तरी त्यांना दिसत नाही.

अडीच महिन्यांनी खाला गेली, अडाजणच्या फ्लॅटमध्ये नव्हे, जग सोडून. दफनाच्या दुसऱ्या दिवशी नाना स्कूटरजवळ येऊन उभे राहिले. रांदेरला पोचल्यावर ते तिच्या घराकडे वळले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी तिसरा खांब अजून पडून होता, बाहेरून हिरवागार, मोडलेल्या टोकातून मातीचा भुगा सांडत होता. त्याला वळसा घालून ते मशिदीत गेले. चाचांना विचारलं, डोक्याला रुमाल बांधला. मीही बांधला.

जुन्या खांबापाशी त्यांनी माझा उजवा हात धरला आणि तळवा लाकडाला लावला. वर स्वतःचा हात दाबून ठेवला. दुसऱ्या हाताच्या बोटांनी खांबावर टकटक केलं.

"हातले काय लागनं?"

मला काही लागलं नव्हतं. थंडगार लाकूड, बस. सवयीने माझी बोटं आत वळायला निघाली, पण वर त्यांचा हात होता. त्यांनी ती वळू दिली नाहीत.

"नाही कळलं," मी म्हणालो. कितीतरी दिवसांनी ते माझ्या ओठांकडे बघत होते.

त्यांनी मान डोलावली, माझा हात थोडा खाली सरकवला आणि पुन्हा टकटक केलं.