टाकीमागचा देठ

मंगळवारी सकाळी ताई शाळेत गेली. दुपारी शाळेतला शिपाई आमच्या दारात आला. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती गेली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आई-वडलांच्या मागे गंगापूर रोडच्या घरात आम्ही दोघीच होतो. ताई विज्ञान शिकवायची आणि मी जुन्या मराठी चरित्रांवर प्रबंध लिहीत होते. म्हणजे बहुतेक वेळ वाचत होते. लिहिणं टाळायला वाचनासारखं दुसरं सोयीचं काम नाही. ताईला ते कळायचं. माझं एक पान लिहून झाल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही, असा तिचा नियम होता आणि तो ती स्वतःलाही लावायची. तिची आवडती मालिका सुरू होऊन संपून जायची, ही समोर वह्या तपासत बसलेली. "माझ्यापायी तू कशाला अडतेस?" असं विचारलं की म्हणायची, "वर्ग सुटल्याशिवाय बाई घरी जातात का?"

अंगणात दारापासून विहिरीपर्यंत पसरलेली द्राक्षाची वेल तिनेच लावली. दिंडोरीकडे मामांचा मळा होता, तिथून काडी आणली होती. सुरुवातीला घड धरू द्यायचे नाहीत, असं मामांनी बजावलं होतं. जोर फळात गेला की खोड बारीक राहतं आणि वेल कायमची रडकी होते. दुसऱ्या वर्षी छाटणीनंतर फुटवे आले आणि त्यांच्यासोबत हिरवे, इवले घोस आले. ताई स्टुलावर चढून ते एकेक खुडायला लागली.

"एक तरी ठेव ना," मी खालून म्हणाले.

"एकच, एकच म्हणून सगळे राहतात."

"चव तरी कळेल."

"नाशकात राहून द्राक्षाच्या चवीला महाग आहेस का तू? जा, मंडईतून पाव किलो आण, खा आणि लिहायला बस."

मला मंडईतली नको होती. दारातली हवी होती, तीही लगेच. मी गाल फुगवून आत गेले तेव्हा ती स्टुलावरून हसत म्हणाली, "पुढच्या वर्षी गं. तुझा प्रबंध आणि आपली द्राक्षं एकदमच. मग कोकणात जाऊ, समुद्र बघू."

ते पुढचं वर्ष आलं. छाटणी तिने केली, घड तिने राखले. मणी ज्वारीएवढे झाले होते तेव्हा ती गेली.

तेराव्याला मामा आले. जेवणं उरकल्यावर ते अंगणात वेलीखाली उभे राहिले. "लय घड लागलेत पोरी," ते म्हणाले. "आता विरळणी कर. कात्री घे आन् प्रत्येक घडातले निम्मे मणी काढून टाक. नायतर दाटीत एक बी फुगायचा नाय."

"चांगले मणी कापायचे?"

"चांगलेच कापायचे. वाईट असते तर आपोआप गळाले नसते का?"

मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येईना म्हणून गच्चीवर गेले. वेलीची एक फांदी कठडा ओलांडून टाकीमागे गेली होती. ती मागच्या वर्षीचीच असावी, कारण तिला छाटणीची कात्री लागलेली नव्हती. तिच्यावर घडाचा एक वाळका देठ लोंबत होता. मणी एकही नव्हता.

मी तिथेच बसले. ती फांदी ताईच्या नजरेतून सुटली असेल का? घड बुलबुलांनी खाल्ला असेल. पण पाखरांनी खाल्ला तर सालपटं चिकटून राहतात, आणि हा देठ स्वच्छ होता. वाऱ्या-पावसानेही स्वच्छ झाला असेल. का तिने तो मुद्दाम ठेवला, पिकू दिला आणि इथे उभं राहून एकेक मणी खाल्ला? खाल्ला असेल तर मला हाक का मारली नाही? मला राग आला. मग वाटलं, खाल्लाच असावा, देवा, तिला तेवढं तरी मिळालेलं असावं. मग पुन्हा राग आला. तिच्या नियमावर मी एवढी वर्षं चालले होते, आणि तो तिचाही होता की फक्त माझ्यासाठी होता, हे विचारायला आता कोणी नव्हतं.

कात्री घेऊन मी विरळणीला लागले. दाराकडचे घड झाले. हिरवे मणी फरशीवर टपटप पडत होते. विहिरीकडच्या बाजूला मात्र हात चालेना. तिकडचे सगळे मणी मी तसेच ठेवले.

महिन्याभराने मामा पुन्हा आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "एका अंगाला कापलं, एका अंगाला ठेवलं! हे काय शिकलीस गं तू?"

"माहीत नाही, मामा."

त्यांनी खुंटीवरची कात्री घेतली, घडांकडे पाहिलं आणि ती माझ्याच हातात दिली.

दाराकडची द्राक्षं मोठी झाली, विहिरीकडची बारीक आणि आंबट. मी दोन्ही खाल्ली. कशाचाच उलगडा झाला नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वेल अजून आहे. छाटणी मी करते. विरळणी एकाच बाजूची करते.