विल्फने शिवलेला टप

माझा मेव्हणा विल्फ अ‍ॅटवेल याने चाळीस वर्षं उघड्या स्पोर्ट्स गाड्यांचे कापडी टप शिवले आणि चाळीस वर्षं त्यांना शिव्या घातल्या. अख्ख्या किडरमिन्स्टर शहरात त्याच्यासारखा टप शिवणारा नव्हता. पण हलवायाला पेढ्याचं अप्रूप नसतं म्हणतात, त्यातलाच प्रकार. "कापडाचं छप्पर हे काय छप्पर झालं?" तो म्हणायचा. "कोपऱ्यातनं गळतं, वाऱ्यानं फडफडतं, हिवाळ्यात बुरशी धरतं. छत्रीत बसून कोणी वेल्सला जातं का?" स्वतः तो जन्मभर पत्र्याच्या टपाची गाडी वापरत आला.

त्या पत्र्यानेच घात केला. फेब्रुवारीत बर्फावरून गाडी घसरून नाल्यात उलटी झाली. आत माझी बहीण ग्लेनिस, विल्फची बायको, एकटीच होती. चेपलेल्या टपाखाली ती चार तास अडकून पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती कुठल्याही गाडीत पाय ठेवेना. बस नाही, आगगाडी नाही, टॅक्सी नाही. डोक्यावर छत आलं आणि दार लागलं की तिचा श्वास अडकायचा. डॉक्टरांच्या गोळ्यांनी नुसती झोप यायची, आणि जाग आली की पुन्हा तीच घालमेल.

आणि आमची थोरली बहीण ओल्वेन तिकडे वेल्समध्ये, न्यूटाउनच्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली. उन्हाळा काढेल, पुढचं सांगता येत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ग्लेनिस तिला रोज फोन करायची, "पुढच्या आठवड्यात येते गं" म्हणायची आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात रडत बसायची. विल्फ दाराबाहेर उभा राहून ते ऐकायचा. चाळीस वर्षं हातांनी सगळं दुरुस्त करणारा माणूस, त्याला हे कुठून उसवलंय तेच सापडत नव्हतं.

उघड्या गाडीची कल्पना माझी. मे महिन्यात एकदा चहा पिताना मी म्हणालो, "विल्फ, छतच नसलेली गाडी घे. टप खाली पाडायचा, तिला बसवायचं आणि निघायचं."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला चर्चमध्ये उघडा फिर म्हणालो होतो. "माझ्या दारात कापडी टप? एमरिस, शुद्धीवर आहेस ना?"

"टप लावायचाच नाहीये रे."

"हे इंग्लंड आहे. लावावा लागतोच."

तेवढ्यात ग्लेनिस दारातून म्हणाली, "उघडी असेल तर मी बसेन. बसून बघेन." तीन महिन्यांत ती पहिल्यांदाच स्वतःहून असं काही म्हणाली होती. विल्फचा कप हातातच राहिला.

मग सुरू झाली पाहणी. विल्फ पाण्याचा जग बरोबर न्यायचा. विकणाऱ्याला गाडीचा टप लावायला सांगायचा, स्वतः आत बसायचा आणि मला वरून पाणी ओतायला लावायचा. उघड्या गाडीवाले आमच्याकडे भलतेच अभिमानी. भर जानेवारीत मफलर गुंडाळून टप पाडून फिरतात आणि रस्त्यात दुसरा उघडा गाडीवाला दिसला की भाऊबंद भेटल्यासारखा हात करतात. टप लावणं म्हणजे त्यांच्यात शरणागती. ब्यूडली गावची गाडी विकणारी एक बाई तर फणकारली, "अकरा वर्षांत एकदाही लावला नाही मी तो." विल्फ शांतपणे म्हणाला, "म्हणूनच कुजलाय."

एकात दोन थेंब आले म्हणून नको. एकाची शिवण वाकडी म्हणून नको. जून गेला, जुलै गेला, वर निळंभोर आभाळ, आणि हा बाबा जग घेऊन फिरतोय. नऊ गाड्या झाल्या. मी चिडून म्हणालो, "अरे, तुला गाडी घ्यायची आहे की टपाला नापास करायचंय?"

त्याने हातातला जग पालथा करून उरलेलं पाणी ओतून दिलं. मग म्हणाला, "मागच्या वेळी मी चांगली भक्कम गाडी म्हणून घेतली होती."

ऑगस्टच्या शेवटी न्यूटाउनहून फोन आला की ओल्वेनने जेवण सोडलंय. त्याच दुपारी विल्फने ब्यूडलीच्या त्या बाईची हिरवी दोन माणसांची गाडी घेतली, तोच कुजका टप असलेली. मला वाटलं, सुटलो एकदाचे. कसलं काय. गाडी दारात आली आणि याने टप उतरवून शिवायला घेतला.

"उद्या निघा," मी म्हणालो. "ऊन आहे तोवर निघा."

"वाटेत पाऊस लागला तर ती भिजेल, एमरिस. मी असताना भिजेल?"

आठ दिवस लागले. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर टप होता, हे मलाही कबूल करावं लागलं. दुहेरी शिवण, कुठे एक सुरकुती नाही. आठही दिवस लखलखीत ऊन होतं. नवव्या दिवशी आम्ही निघालो, ती दोघं पुढे आणि मी माझ्या गाडीतून मागे.

ग्लेनिस बसली. डोळे घट्ट मिटून, पण बसली. शहराबाहेर पडल्यावर तिने डोळे उघडलेले मी मागून पाहिले, म्हणजे मान वर झालेली पाहिली. समोरून एक लाल उघडी गाडी आली, तिच्या मालकाने हात केला आणि माझ्या बहिणीनेही हात केला. मी गाडीत एकटाच हसत होतो.

लडलो गावाच्या पुढे पावसाची सर आली, चांगली दणकून. विल्फने गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि अर्ध्या मिनिटात टप चढवून मोकळा झाला. तिला विचारायचं त्याला सुचलंच नाही. हातांनी चाळीस वर्षांची सवय पाळली. ग्लेनिस किंचाळली नाही. दार लोटून बाहेर आली आणि कुंपणाला पाठ लावून पावसात थरथरत उभी राहिली.

"पाडतो, पाडतो," विल्फने टप झटक्यात खाली केला. "बघ, पाडला. बस आता."

"पुन्हा येईल वर."

"नाही येणार. शपथ घेतो."

"तुझे हात आणतील."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. मग खिशातून शिवण उसवायची आकडी सुरी काढून त्याने टप पुन्हा वर ओढला आणि एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फाडला. मग उभा चिरला. मग शिवणी उसवल्या. चिंध्या त्याने माझ्या गाडीत आणून टाकल्या. त्याचा चेहरा भिजलेला होता, कशाने ते मी बघायला गेलो नाही. ग्लेनिस जाऊन बसली. उरलेले तीस मैल ती दोघं धो धो पावसात उघडी गेली आणि मी मागे कोरडा.

न्यूटाउनला नर्सने टॉवेल दिले तरी ग्लेनिसच्या केसांतून पाणी गळतच होतं. तशीच ती ओल्वेनच्या पलंगाशी बसली. ओल्वेनने तिचे दोन्ही हात धरले, बराच वेळ चोळत राहिली आणि मग बारीक आवाजात विल्फला म्हणाली, "गारठलीय रे ही. जगाचे टप शिवलेस, हिच्यापुरता एक नाही झाला तुझ्याच्यानं?"

"नाही झाला," विल्फ म्हणाला.